दोन ‘च’, एक अक्षर: खाली टिंब द्यावं का?

अनघा_क:
पुण्यात बदलून आलेल्या हिंदीभाषक मंडळींना मी मराठी शिकवते. गेल्या आठवड्यात लखनौच्या एका गृहस्थांनी स्वयंपाकघराचा पाठ वाचला. ‘चिमटा’ झकास जमला, ‘चमचा’चा मात्र ‘च्यमच्या’ झाला. टोकलं तर म्हणाले, “मॅडम, अक्षर तर एकच आहे!” आता यावर काय बोलणार?

करूनच पाहा. ‘चिमटा’ म्हणताना जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलला जातो. ‘चमचा’ म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकतं. पहिला तालव्य, दुसरा दंततालव्य. ज आणि झ यांचंही तसंच. पण अक्षर आणि ध्वनी या दोन गोष्टी आहेत हे शाळेत धड कुणी सांगत नाही.

ध्वनीतला कोणता फरक भाषेला महत्त्वाचा, हे ओळखायची साधी परीक्षा आहे: बाकी सगळं तेच ठेवून तेवढा एक ध्वनी बदलला तर शब्द बदलतो का? काल-काळ, मन-मण यांत बदलतो, म्हणून ल आणि ळ, न आणि ण हे मराठीचे वेगळे स्वनिम, म्हणजे शब्द बदलू शकणारे ध्वनी. आता ‘चार आंबे’ आणि ‘गुरं चार’ म्हणून पाहा. किंवा ‘जग फिरून आलो’ आणि ‘तू शंभर वर्षं जग’. नामाचा जप आणि ‘तब्येतीला जप’. अक्षर तेच, शब्द दुसरा. म्हणजे परीक्षेत पास.

माझं म्हणणं एवढंच की कोशांत आणि पाठ्यपुस्तकांत दंततालव्यांखाली टिंब द्यावं: च़, ज़, झ़. 2009च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ वर्णमालेत घेतले. बॅट-बॉलची सोय झाली, मग घरच्या चमच्याने काय पाप केलंय?

रावसाहेब:
साफ नामंजूर. तुम्ही तीन-चार जोड्या वेचून काढल्यात. एरवी कुठला च येणार हे शेजारचा स्वर सांगतोच. माझा म्हणताना दंततालव्य, माझी म्हणताना तालव्य. त्याचा, त्याची, त्याच्या. ‘चिंच’ या एका शब्दात दोन्ही आहेत, पहिला इ-मुळे तालव्य. इ, ए, य पुढे आले की तालव्य, इतरत्र दंततालव्य, आणि चंद्र, जन, राजा असे तत्सम शब्द तेवढे अपवाद. जागा ठरलेली असली की ती एकाच स्वनिमाची दोन रूपं, म्हणजे स्वनांतरं. स्वनांतराला वेगळं अक्षर कशाला? मूल चौथ्या वर्षी हे न शिकवता बोलतं.

अनघा_क:
रावसाहेब, ‘चार’ तत्सम नाही आणि पुढे इ-ए काही नाही, तरी तालव्य. ‘चौदा’ मात्र दंततालव्य. दोघे एकाच घरातले!
शिवाय प्रमाणलेखनाचा नियम आठवा: दरवाजा-दरवाजाला, मोजा-मोजाला. ‘ज्या’ लिहायचं नाही. आता ‘दरवाजा’ मोठ्याने म्हणा, मग ‘दरवाजाला कुलूप’ म्हणा. दोन्हीकडे ‘जा’, पुढे आ, आणि ज मात्र दोन वेगळे. शेजारचा स्वर काय सांगणार इथे?
आणि चौथ्या वर्षी बोलणारं मूल मराठी घरातलं. माझे विद्यार्थी चाळिशीतले आहेत.

रावसाहेब:
दरवाजाचा मुद्दा मान्य. नियम करणाऱ्यांनीच तिथला य काढून टाकला, त्याला मी काय करू.

कोरा_चहा:
मग य परत आणा ना. जुन्या कागदांत ‘च्यार’ असंच लिहिलेलं सापडतं. आमच्या गावाकडे अजून ‘च्या घ्या’ म्हणतात. तालव्य दाखवायची मराठीची स्वतःची युक्ती होती, टिंब उसनं कशाला आणायचं?

म्हैसमाळ:
टिंबाची खरी अडचण कुणी बोललंच नाही. लखनौकर ज़ पाहिल्यावर हिंदी-उर्दूतल्या ‘ज़मीन’सारखा उच्चार करणार. त्या ज़मध्ये जीभ कुठे टेकतच नाही, हवा नुसती घासत जाते. आपल्या ‘जमीन’मध्ये जीभ आधी टेकते, मग घासत सुटते. म्हणून त्याला स्पर्शसंघर्षी म्हणतात. म्हणजे एक चूक काढून दुसरी दिली. (आपल्यातलेही कित्येक जण ‘माझा’ घासूनच म्हणतात, ते सोडा.)

अनघा_क:
हा मार बसला खरा. ज़ नीट समजावून द्यावा लागेल. पण काश्मिरी देवनागरीत लिहितात तेव्हा आपल्या चमच्यातल्या च साठी च़ वापरतातच की. तिथे कुणाचा गोंधळ होत नाही.

तिसरी_घंटा:
आणि तेलुगूचं काय झालं तेही बघा. तिथेही हेच दोन ध्वनी. त्यांच्यासाठी वेगळी अक्षरं होती, युनिकोडमध्येसुद्धा आहेत, पण रोजच्या लिखाणात ती कुणी वापरत नाही. लिपी म्हणजे टेपरेकॉर्डर नव्हे. आपण ‘कृष्ण’मधला ष लिहितो, तोंडातून बहुतेकांच्या श निघतो. दोन अक्षरं एक ध्वनी चालतं, तर एक अक्षर दोन ध्वनी का नको?
आणि टिंब कोण ठरवणार? आमच्या एकाच घरात बायको ‘जाहिरात’ तालव्य म्हणते, मी दंततालव्य. बावीस वर्षं झाली, निकाल नाही. छापील पुस्तकात टिंब पडलं की एक जण अशुद्ध ठरणार. आधीच न-ण वरून लोकांना कमी हिणवलंय का?

अनघा_क:
हे मनाला लागलं. रोजच्या लिखाणात टिंब नकोच, मीही ते म्हटलं नव्हतं. पण कोशात दोन्ही उच्चार देता येतात की: जाहिरात, ज़ाहिरात. तुम्ही दोघेही शुद्ध!

रावसाहेब:
कोशापुरतं असेल तर माझी हरकत नाही. पाठ्यपुस्तकाला आहे.

कोरा_चहा:
कोश करायला बसलातच तर ‘जहाज’पासून सुरुवात करा. माझे दोन्ही ज दंततालव्य.

म्हैसमाळ:
माझा पहिला तालव्य.

तिसरी_घंटा:
बायकोला विचारून सांगतो.