शिक्षकांची तंत्रज्ञानाविषयीची अनिच्छा: सक्ती हवी की सोबत?

मूळ मत (निवृत्त केंद्रप्रमुख, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या एका गटावर देखरेख करणारे अधिकारी)
शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून दाखवले आणि पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही कोड छापले जाऊ लागले. २०२० मध्ये डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, तेव्हा आपण सर्वांनीच अभिमान व्यक्त केला. परंतु शाळाभेटींत पुस्तकातला कोड एकदाही न उघडलेले अनेक शिक्षक मला भेटले, आणि त्यांतील बहुतेकांच्या सेवापुस्तकात एमएस-सीआयटी ही संगणकाची परीक्षा उत्तीर्ण झाल्याची नोंद होती. आठवड्याला किमान दोन तासिका डिजिटल साधनांसह घेतल्याची नोंद टाचणवहीत, म्हणजे पाठाच्या नियोजनाच्या वहीत, बंधनकारक केल्याशिवाय ही अनिच्छा जाणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद (उपशिक्षिका, द्विशिक्षकी शाळा)
सर, ‘अनिच्छा’ या शब्दालाच माझा आक्षेप आहे. पोषण आहाराची रोजची नोंद, सरल, यू-डायस या शासकीय प्रणालींतली सारी माहिती मी स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या खर्चाने भरते. मग मला तंत्रज्ञान नको आहे, असे कसे म्हणता येईल? चंद्रकलांचा पाठ घेताना मी कोड उघडला होता, पण रेंज नसल्याने चित्रफीत सुरूच होईना आणि मुले फोनकडे पाहत ताटकळली. शेवटी खिडक्या लावून घेतल्या, एका मुलीच्या हाती पांढरा चेंडू दिला, एका बाजूने टॉर्च धरला आणि तिला हात लांब करून सावकाश स्वतःभोवती वळायला सांगितले. चेंडूवरची उजेडाची कोर हळूहळू वाढताना पाहून ती “बाई, अष्टमी!” असे ओरडली. ही तासिका आपल्या नोंदीत कुठे बसेल?

प्रतिसाद (विज्ञान शिक्षक, माध्यमिक शाळा)
बाई, आपला प्रयोग सुंदर आहे; तरीही अनिच्छा असतेच, कारण ती माझ्यात होती. प्रोजेक्टर सुरू झाला नाही तर नववीची मुले हसतील, या भीतीने मी दोन वर्षे प्रोजेक्टरची खोली उघडली नाही. प्रशिक्षणे झाली, पण ती सभागृहातच राहिली. माझी भीती गेली ती एका तरुण सहकाऱ्यामुळे. तो पंधरा दिवस माझ्या तासाला मागच्या बाकावर बसला आणि अडले तेवढेच सांगून पुन्हा गप्प राहिला. दीक्षा या शासकीय शैक्षणिक ॲपवरील साहित्य आदल्या दिवशी उतरवून घेतले तर वर्गात इंटरनेट लागत नाही, हेही मला त्याच्याकडूनच कळले. हृदयाच्या झडपांची उघडझाप खडूने दाखवता येत नाही, ती चित्रफितीतच दिसते.

प्रतिसाद (उपशिक्षिका)
आदल्या दिवशी साहित्य उतरवून ठेवण्याची सूचना मी उद्यापासूनच अमलात आणीन. मात्र असा सहकारी द्विशिक्षकी शाळेत कोठून आणायचा? आमच्या शाळा-केंद्राच्या शिक्षण परिषदेत भाषणांऐवजी एक प्रत्यक्ष तासिका, अडचणींसह, घेतली जावी, असे मला वाटते. टाचणातल्या सक्तीला मात्र माझा विरोध कायम आहे, कारण नोंद बंधनकारक झाली की शिकवणे थांबवून फोटो काढायचा आणि व्हॉट्सॲप गटावर टाकायचा, एवढेच काम वाढते.