वेग ५५ मैलांच्या वर गेला की बोटीचा ट्रेलर झुलू लागतो: नेमके काय तपासावे?

नवा_नावाडी (मिनियापोलिसजवळ, मिनेसोटा)

सर्वांना नमस्कार. गेल्या पानगळीत मी एका गृहस्थांकडून १७ फुटी ॲल्युमिनियमची बोट तिच्या एका आसाच्या ट्रेलरसह विकत घेतली. मे महिन्यात वॉलआय माशांच्या मासेमारीचा हंगाम सुरू होईल तेव्हा पत्नी आणि नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन मिल लॅक्स तलावावर जाण्याचा विचार आहे. त्यापूर्वी सराव म्हणून गेल्या रविवारी मी ट्रेलर जोडून १६९ क्रमांकाच्या महामार्गाने एल्क रिव्हरपर्यंत गेलो. ताशी ५० मैलांपर्यंत काहीच जाणवले नाही. मात्र ५५ ओलांडताच ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागला आणि तो झोला इतका वाढत गेला की माझी गाडीही मागून ढकलल्यासारखी हलू लागली. घाबरून मी ब्रेक दाबला, तेव्हा तो क्षणभर आणखीच वाढला. उरलेले अंतर मी कडेच्या मार्गिकेतून ४५ च्या वेगाने कापले.

गाडी मध्यम आकाराची एसयूव्ही असून तिची ओढण्याची मर्यादा ३,५०० पौंड आहे. ट्रेलरला ब्रेक नाहीत. विकणाऱ्याने सांगितले होते की त्याने जुने दोन-स्ट्रोक इंजिन काढून नवे चार-स्ट्रोक बसवले आहे. बोटीच्या पिछाडीला तीन बॅटऱ्या आहेत, एक इंजिनासाठी आणि दोन पुढच्या ट्रोलिंग मोटरसाठी, म्हणजे बोट हळू चालवणाऱ्या छोट्या विजेच्या मोटरसाठी. टायर मला चांगले दिसतात. दोष माझ्या चालवण्यात आहे की ट्रेलरमध्ये, हे कसे ओळखावे?

जुना_गरीवाला (डुलुथ)

दोष तुमच्या चालवण्यात नाही. लहानपणी तुम्ही बैलगाडी पाहिली असेल तर हा प्रकार तुम्हाला ठाऊक आहे. मागे ओझे जास्त झाले की गाडी उलाळते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. तुमचा ट्रेलर उलाळ झाला आहे, पण बैलांप्रमाणे गाडी तक्रार करत नसल्यामुळे ते तुम्हाला ५५ मैलांना कळले.

ट्रेलरचा दांडा गाडीच्या मागे जोडणीसाठी असलेल्या गोळ्यावर जेवढा भार टाकतो, तो भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० टक्के असावा. बोटीच्या ट्रेलरना काही उत्पादक ७ टक्क्यांपर्यंतही चालवून घेतात, परंतु त्याखाली गेलात की वेग वाढताच ट्रेलर लोलकासारखा वागू लागतो. चार-स्ट्रोक इंजिने त्याच ताकदीच्या जुन्या दोन-स्ट्रोक इंजिनांपेक्षा बहुधा जड असतात. त्या माणसाने पिछाडीला टांगलेले वजन वाढवले आणि ट्रेलर मात्र होता तसाच ठेवला. त्यात तिन्ही बॅटऱ्याही मागे.

आधी मोजा, मग बोला. ट्रकचालक थांबतात तेथे वजनकाटा असतो. तेथे ट्रेलर गाडीपासून सोडवून, इंधन आणि सर्व सामानासह, एकट्याचे वजन करून घ्या. बोटीच्या माहितीपत्रकातील वजनावर मुळीच विसंबू नका, कारण त्यात बहुतेक वेळा इंजिन, इंधन, बॅटऱ्या आणि खुद्द ट्रेलर यांपैकी काहीच धरलेले नसते. त्यानंतर घरी सपाट जागी चाकांना अडणी लावा आणि न्हाणीघरातील साध्या वजनकाट्यावर लाकडाचे ठोकळे रचून दांड्याचे टोक त्यावर टेकवा. दांड्याची उंची गाडीला जोडल्यावर असते तेवढीच ठेवा. तिरका ट्रेलर चुकीचा आकडा देतो.

आणि पुन्हा कधी ट्रेलर झुलू लागला तर ब्रेक दाबू नका आणि स्टिअरिंग उलट फिरवून त्याला सरळ करण्याचाही प्रयत्न करू नका. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढा आणि गाडीला आपोआप मंद होऊ द्या.

नवा_नावाडी

मनःपूर्वक आभार. दोन्ही वजने आज करून आलो. एकूण २,४०० पौंड भरले आणि दांड्यावर फक्त ९०, म्हणजे जेमतेम पावणेचार टक्के. गोळ्यापासून आसापर्यंतचे अंतर १५ फूट आहे. बोट दांड्याच्या दिशेने पुढे सरकवून बसवली तर प्रश्न सुटेल का? विंचचा, म्हणजे बोट ओढून घेणाऱ्या चरखीचा, खांब पुढे नेता येतो असे दिसते.

यंत्रवेडा (विस्कॉन्सिन)

खांब पुढे नेण्याचा मोह टाळा. बोटीची पिछाडी ज्या दोन गालिचा लावलेल्या फळ्यांवर टेकते, त्या फळ्या पिछाडीच्या अगदी कडेपर्यंत पोहोचल्या पाहिजेत, कारण इंजिनाचा सारा भार तेथेच येतो. बोट पुढे ओढली तर पिछाडी फळ्यांबाहेर लटकणार नाही हे खरे, पण बोटीचा तळ आणि फळ्या यांचा मेळ बदलतो. त्यातून तुमच्या ट्रेलरवर नाळेपुढे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापुढे, किती जागा आहे तेही पाहावे लागेल, नाहीतर वळताना बोटीची नाळ गाडीच्या मागच्या दाराला लागायची.

त्यापेक्षा आधी बॅटऱ्या हलवा. ट्रोलिंग मोटरच्या दोन बॅटऱ्या प्रत्येकी ५५ पौंडांच्या धरल्या आणि त्या पिछाडीकडून १२ फूट पुढे, नाळेजवळच्या कप्प्यात नेल्या, तर हिशोब असा होतो: ११० गुणिले १२ भागिले १५, म्हणजे दांड्यावर ८८ पौंडांची भर. मोटर पुढेच असल्यामुळे तिची केबलही आखूड होईल आणि विजेचा ऱ्हास कमी होईल. इंजिनाची बॅटरी मात्र मागेच राहू द्या, कारण तिची केबल लांबवायची तर ती बरीच जाड घ्यावी लागते. बॅटऱ्या पेटीत बसवून पट्ट्याने आवळा. लाटेवर आपटणाऱ्या बोटीत ५५ पौंडांचा सुटा ठोकळा कोणाचाही पाय मोडू शकतो.

तरीही आकडा कमी पडला तर आस मागे सरकवा. तो यू-आकाराच्या बोल्टांनी चौकटीला बांधलेला असतो. प्रत्येक इंचामागे तुम्हाला साधारण १३ पौंड मिळतील. दोन्ही बाजूंना गोळ्यापासून आसाच्या टोकापर्यंतचे अंतर फीत धरून मोजा आणि ते तंतोतंत सारखे ठेवा. अर्ध्या इंचाचा फरक राहिला तर ट्रेलर खेकड्यासारखा तिरका चालेल आणि टायर एका हंगामात झिजतील.

माशांची टाकी भरलेली ठेवून तर प्रवास केला नव्हता ना? २० गॅलन पाणी म्हणजे सुमारे १६५ पौंड होतात आणि ते बहुधा पिछाडीलाच असतात.

जुना_गरीवाला

टाकी भरून नेणे मिनेसोटात बेकायदाही आहे. तलावावरून निघताना टाकी आणि तळातील पाणी काढून टाकावे लागते, वनस्पती आणि शिंपले हाताने वेचून काढावे लागतात आणि रस्त्यावर असताना बोटीचे बूच काढलेलेच असले पाहिजे. मिल लॅक्समध्ये झेब्रा शिंपले ही बाहेरून आलेली उपद्रवी जात २००५ मध्ये सापडली आणि त्यांची पिल्ले डोळ्यांना दिसत नाहीत इतकी बारीक असतात. बादलीभर पाण्यातून ती दुसऱ्या तलावात सहज पोहोचतात. उरलेले मासळीचे आमिष तलावात न टाकता कचऱ्यात टाकायचे. जिवंत ठेवायचे असेल तर त्याचे पाणी बदलून घरून आणलेले पाणी घालायचे. मी दर वेळी काढलेले बूच गाडीच्या किल्लीच्या जुडग्यात अडकवतो. त्यामुळे बूच न लावता बोट पाण्यात सोडण्याची वेळ एकदाच आली, आणि ती जुडग्याची युक्ती सुचण्याआधी.

देवबागकर (सेंट क्लाउड)

आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर होडी वाळूवर ओढायला दहा माणसे आणि चार ओंडके लागत आणि काही चुकले तर होडी फार तर पायावर येई. येथे एकटा माणूस तेच काम ६० मैलांच्या वेगाने करतो, म्हणून माझे दोन शब्द चाकांविषयी.

तुम्ही म्हणता टायर चांगले दिसतात. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. बाजूला कोरलेल्या क्रमांकातील शेवटचे चार आकडे पाहा. तेथे २३१६ असेल तर तो टायर २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे आणि त्याची नक्षी कितीही कोरी दिसली तरी तो बदलावा, कारण पाच-सहा वर्षांत रबर आतून कडक होते. अनेक ट्रेलर टायर ६५ मैलांच्या कमाल वेगासाठी बनवलेले असतात. हवा बाजूवर छापलेल्या दाबाइतकी, टायर थंड असताना भरा.

दुसरी गोष्ट बेअरिंगची. दोन तास धावून चाकाचा तुंबा गरम झालेला असतो आणि तुम्ही तो लगेच मे महिन्यातील बर्फगार पाण्यात बुडवता. आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. ग्रीस दुधासारखे पांढरे होते, बेअरिंग गंजते आणि पुढच्या प्रवासात जळते. तीन वर्षांपूर्वी माझे असेच जळाले. आरशात धूर दिसला तेव्हा चाक कललेले होते आणि मुले मागे बसून गाणी म्हणत होती. तेव्हापासून मी तलावाशी पोहोचल्यावर पाऊण तास थांबतो. त्या वेळेत सामान चढवतो, थालीपीठ खातो, तुंब्यांना निवू देतो. वाटेत २० मैलांवर एकदा थांबून तुंब्याला हात लावतो. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर पुढे जाऊ नये.

यंत्रवेडा

देवबागकरांशी सहमत, पण एक पुस्ती जोडतो. तुंब्यावर स्प्रिंगचे टोपण बसवले की आत ग्रीसचा किंचित दाब राहतो आणि पाणी शिरत नाही. लोक मात्र दर फेरीला पंप मारून मारून इतके ग्रीस भरतात की मागचे सील बाहेर ढकलले जाते आणि मग पाण्याला राजमार्गच मिळतो. टोपण असले तरी वर्षातून एकदा बेअरिंग उघडून, धुऊन, नवे ग्रीस भरणे चुकत नाही. तयार ग्रीस भरलेला एक सुटा तुंबा आणि स्टेपनी गाडीत ठेवा, आणि गाडीचा जॅक ट्रेलरच्या आसाखाली बसतो का, गाडीचा पाना ट्रेलरच्या नटांना लागतो का, हे अंगणातच पाहून घ्या. माझा पाना लागला नव्हता.

जोडणीबद्दलही विचारतो: गोळा किती इंचाचा आहे? दोन इंचांच्या कपलरमध्ये, म्हणजे गोळ्यावर बसणाऱ्या दांड्याच्या टोपीत, पावणेदोन इंचांहून थोडा मोठा, म्हणजे १ ७/८ इंचाचा गोळा बसल्यासारखा दिसतो, खटकाही लागतो, आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात दांडा उडतो. खटका लावल्यावर दांड्याच्या जॅकने गाडीचा मागचा भाग इंचभर उचलून पाहा. कपलर सुटला नाही तरच निघा. सुरक्षा साखळ्या दांड्याखालून एकमेकींना छेद देऊन लावा, म्हणजे दांडा सुटलाच तर तो रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडतो.

देवबागकर

मुलगी बरोबर येणार आहे म्हणून आणखी एक. उतारावर बोट सोडताना तिला गाडीत बसवून ठेवू नका. शेवाळावर चाके घसरून गाडी पाण्यात गेल्याच्या घटना होतात. तिला लाइफ जॅकेट घालून धक्क्यापासून दूर, पत्नीच्या हाताशी उभे करा. दहा वर्षांखालील मुलांनी चालत्या बोटीत ते घालणे येथे सक्तीचेच आहे, पण मे महिन्यातील पाण्यात मोठ्यांनीही घालावे. गार पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वास ताब्यात राहत नाही आणि पोहता येण्याचा तेव्हा काहीच उपयोग नसतो. नाळेचा पट्टा बोट पाण्यावर तरंगेपर्यंत सोडू नका. तसेच विंचचा खटका उलटा करताना मूठ घट्ट धरा. ती सुटून गरगर फिरली तर मनगट मोडते.

मिल लॅक्स १,३२,००० एकरांचा असूनही सर्वांत खोल जागी ४२ फुटांच्या आसपासच आहे. उथळ पाण्यावर वारा सुटला की लाटा अर्ध्या तासात उभ्या राहतात. किनारा सोडण्याआधी पश्चिमेचे आभाळ बघा.

नवा_नावाडी

सर्वांचे आभार. दोन बॅटऱ्या पुढे नेल्यावर काटा १७५ वर आला. मग शेजाऱ्याच्या मदतीने आस चार इंच मागे सरकवला आणि आता २२८ पौंड, म्हणजे साडेनऊ टक्के. गोळा दोन इंचांचाच निघाला. टायर मात्र २०१४ चे होते. दोन्ही बदलले. काल प्रिन्स्टनपर्यंत जाऊन आलो, ६० मैलांना ट्रेलर रेषेत चालला आणि तुंबे कोमट होते. आता एकच शंका उरली आहे. उजवीकडे वळण्याचा दिवा लावला की ट्रेलरचे दोन्ही मागचे दिवे मिणमिणतात. बल्ब बदलून पाहिले, फरक पडला नाही.

यंत्रवेडा

पांढरी, म्हणजे अर्थिंगची, वायर पाहा. ती दांड्याजवळ चौकटीला ज्या स्क्रूने जोडलेली असते तो गंजला असेल. खालचा रंग खरवडून लखलखीत धातू दिसू द्या, नवा स्क्रू आवळा आणि वरून ग्रीस लावा. आणि उतारावर मागे जाण्यापूर्वी दिव्यांची पिन गाडीतून काढून घ्यायला विसरू नका.