ठाणे–वाशी–नेरूळचा नकाशा नेमका कोणत्या प्रकारचा ग्राफ?

ऐरोली_सेक्टर
प्रोजेक्टसाठी लोकलचा नकाशा घेतलाय. स्टेशन म्हणजे शिरोबिंदू, लगतच्या दोन स्टेशनांमध्ये एक कड. ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे. तिथून एक फाटा सानपाडा–वाशी, दुसरा जुईनगर–नेरूळ. शिवाय हार्बरची सानपाडा–जुईनगर कड. ११ बिंदू, ११ कडा. हा ट्री (चक्र नसलेला जोडलेला ग्राफ) आहे का? बायपार्टाइट (दोनच रंगांत लगतच्या बिंदूंना वेगळा रंग देता येणारा)? ऑयलर मार्ग (प्रत्येक कड बरोबर एकदा वापरणारा) निघतो का?

विषम_डिग्री
ट्री नाही. जोडलेल्या ग्राफमध्ये कडा बिंदूंपेक्षा बरोबर एकने कमी असतील तरच ट्री. तुमच्याकडे एक कड जास्त, म्हणजे चक्र एकच: तुर्भे–सानपाडा–जुईनगर. त्यातली कोणतीही एक कड खोडा, स्पॅनिंग ट्री (सगळे बिंदू जोडणारा ट्री) मिळेल.

बायपार्टाइट अडतो तोही याच त्रिकोणापाशी. तुर्भे लाल, सानपाडा निळा केलात की जुईनगरला रंग उरत नाही. पण ‘चक्र आहे म्हणून बायपार्टाइट नाही’ असं लिहू नका, मार्क जातील. चक्र चार कडांचं असतं तर चाललं असतं. विषम चक्र नडतं.

ऑयलरसाठी डिग्री, म्हणजे प्रत्येक बिंदूला लागणाऱ्या कडा, मोजा. ठाणे, वाशी, नेरूळ प्रत्येकी १. तुर्भे, सानपाडा, जुईनगर प्रत्येकी ३. उरलेली पाच स्टेशनं प्रत्येकी २. बेरीज २२, कडांच्या दुप्पट, म्हणजे मोजणी जुळली. विषम डिग्रीचे बिंदू ६ आणि चालतात फक्त ० किंवा २. मार्ग नाही. हॅमिल्टन मार्गही (प्रत्येक बिंदू बरोबर एकदा घेणारा) नाही: डिग्री १ ची टोकं तीन, मार्गाला टोकं दोनच.

समांतर_कड
गणित बरोबर, पण कड कशाला म्हणायचं ते आधी ठरवा. रुळांऐवजी गाड्यांच्या सेवा धरा आणि लगतच्या स्टेशनांमध्ये प्रत्येक सेवेची वेगळी कड द्या: ठाणे–वाशी सेवेच्या ८ कडा, ठाणे–नेरूळ ८, वाशी–नेरूळ ३. एकूण १९ कडांचा मल्टिग्राफ (दोन बिंदूंमध्ये एकाहून जास्त कडा चालणारा ग्राफ). आता ठाणे, वाशी, नेरूळची डिग्री २ आणि बाकी सगळ्यांची ४. सगळ्या सम! ठाण्याहून वाशी, तिथून नेरूळ, तिथून परत ठाणे: झालं ऑयलर सर्किट, म्हणजे सुरुवातीलाच परत येणारा ऑयलर मार्ग. १७३६ मधला गणितज्ञ ऑयलरचा कोनिग्सबर्ग शहराचा प्रश्नही (सगळे पूल एकेकदाच ओलांडता येतील का?) असाच मल्टिग्राफचा: ४ भूभाग, ७ पूल, डिग्री ५, ३, ३, ३, तिथे मात्र उत्तर नाही असंच आलं.

प्रोग्रॅम लिहिणार असाल तर मॅट्रिक्समध्ये (कोणत्या दोन बिंदूंमध्ये किती कडा त्याचा तक्ता) ठाणे–दिघा गावच्या घरात २ लिहा. ‘जोडलेलं म्हणून १’ भरलंत की समांतर कडा गायब आणि उत्तर पुन्हा ‘नाही’.

ऐरोली_सेक्टर
समजलं. ग्राफ प्लेनर (कडा एकमेकींना न छेदता काढता येणारा) आहे हे दाखवायला ‘कडा ≤ ३ × बिंदू − ६’ पुरेल ना? ११ ≤ २७.

विषम_डिग्री
नाही. ती अट मोडली तर प्लेनर नाही हे नक्की. पाळली म्हणून प्लेनर ठरत नाही. तीन घरं, तीन जोडण्यांचा (वीज, पाणी, गॅस; प्रत्येक घर तिन्हींना जोडलेलं) पूर्ण बायपार्टाइट ग्राफ घ्या: ६ बिंदू, ९ कडा, मर्यादा १२. पास होतो, तरी प्लेनर नाही. बायपार्टाइटला मर्यादा २ × बिंदू − ४, म्हणजे ८. तिथे तो सापडतो. तुमच्या नकाशाला सूत्राची गरजच नाही. एकही कड न छेदता आकृती काढून जोडा, तीच सिद्धता.