मदत हवी आहे : कंट्रोल आर्मच्या बोल्टांचे खात्रीचे टॉर्क कुठे मिळतील?

माझ्या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर एकत्र असलेले) सस्पेन्शन असून दोन्ही बाजूंचे खालचे कंट्रोल आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे दांडे), बुश (रबरी आधार) आणि बॉल जॉइंट (चाकाकडचा गोलाकार सांधा) यांसह, मी घरीच बदलणार आहे. सुटे भाग आले आहेत. अडले आहे ते टॉर्कच्या, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचा त्याच्या, आकड्यांवर. गाडीच्या पुस्तिकेत चाकाच्या नटांपलीकडे एकही आकडा नाही, आणि इतरत्र सापडलेल्या तक्त्यांपैकी एक त्याच बोल्टसाठी नुसता न्यूटन-मीटरमधला आकडा देतो, तर दुसरा त्याहून कमी टॉर्क देऊन पुढे ९० अंश फिरवायला सांगतो. हा फरक मला किरकोळ वाटत नाही, कारण कोनाने आवळायचे बोल्ट बहुधा ताणले जातात आणि पुन्हा वापरता येत नाहीत.

बोल्टच्या डोक्यावर १०.९ असा मजबुतीच्या ग्रेडचा शिक्का आहे. परंतु व्यास आणि ग्रेडवरून काढलेला सर्वसाधारण आकडा चाकांशी संबंधित जोडाला वापरण्याची माझी तयारी नाही. बॉल जॉइंटची निमुळती दांडी तर त्या हिशेबात बसतच नाही.

टॉर्क रेंच आणि कोनमापक माझ्याकडे आहेत. आटे कोरडे ठेवणार आहे, आणि बुशचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळणार आहे, नाहीतर रबराला कायमचा पीळ बसतो.

उत्पादकाचे वर्कशॉप मॅन्युअल चॅसी क्रमांकाच्या आधारे सामान्य मालकाला अधिकृतपणे मिळवता येते का, आणि ते मिळाल्यावर त्यातला आकडा माझ्याकडच्या नव्या बोल्टलाच लागू आहे, हे भागाच्या क्रमांकावरून कसे पडताळावे?