मदत हवी आहे: मेलबर्नला जाताना सिंगापुरात एकच दिवस, काय काय गाळू?

मांजलपूरची:

नमस्कार मंडळी,

लेकीचं बाळंतपण करायला ऑगस्टअखेर अहमदाबादहून मेलबर्नला निघतोय. वाटेत सिंगापूर. सकाळी साडेसातच्या सुमारास उतरणार, पुढचं विमान रात्री साडेअकराला. एवढा वेळ विमानतळावर बसून काय करायचं, शहर बघू, असं ठरलंय. आमच्यापैकी कुणीच आजवर देशाबाहेर गेलेलं नाही.

आम्ही तिघं. मी, आमचे हे आणि मोठ्या जाऊबाई. ह्यांना मधुमेह आहे, खाणं आणि गोळ्या वेळेवर लागतात. जाऊबाईंचा डावा गुडघा कुरकुरतो. बडोद्यात न्यायमंदिरापासून मांडवीपर्यंत चालतात, पण मध्ये एकदा कुठल्यातरी दुकानाच्या पायरीवर टेकावं लागतं, त्यावरून अंदाज घ्या. शिवाय त्यांचा चातुर्मास, म्हणजे कांदा-लसूण बंद.

भाच्याने एआयला विचारून वेळापत्रक काढून दिलंय. नऊला बोटॅनिक गार्डन, साडेदहाला मर्लायन, अकराला चायनाटाउन, मग सेंतोसा बेटावर युनिव्हर्सल स्टुडिओ, चारला लिटल इंडिया, संध्याकाळी गार्डन्स बाय द बे आणि शेवटी नाइट सफारी. ती सफारी मध्यरात्रीपर्यंत चालते म्हणे. आमचं विमान त्याआधी उडतं, हे एआयला कुणी सांगितलं नसावं.

तर यातलं काय गाळू आणि काय ठेवू? व्हिसाचं पण सांगा. एजंट म्हणतो ऑस्ट्रेलियाचा आहे ना, मग सिंगापूरचा नको. शेजारचे पटेलकाका म्हणतात लागतोच. ह्यांची एकच मागणी आहे, नेताजींशी संबंधित काही असेल तर ते बघायचं. जाऊबाईंची मागणी, देऊळ. माझी काही नाही, मला फक्त दोघांना धडधाकट विमानात बसवायचंय.

---

कोपी_ओ:

मी सिंगापुरातच राहतो, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

एजंट बरोबर आहे. भारतीय पासपोर्टवर तिसऱ्या देशात जाताना ९६ तासांपर्यंत व्हिसाशिवाय शहरात जाता येतं, मात्र ऑस्ट्रेलिया, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, जपान, जर्मनी, स्वित्झर्लंड किंवा न्यूझीलंडचा चालू व्हिसा हवा आणि पुढचं पक्कं तिकीट हवं. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पासपोर्टवर चिकटवलेला नसतो, तेव्हा त्याच्या मंजुरीपत्राचे छापील कागद तिघांचे वेगवेगळे ठेवा. शेवटचा शब्द इमिग्रेशन काउंटरवरच्या अधिकाऱ्याचा असतो, पण कागद नीट असले की सहसा दोन मिनिटांत सोडतात. उतरण्याआधीच्या तीन दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे इथल्या प्रवेशाचा फॉर्म, ऑनलाइन भरा. ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की ती सरकारी नाही, लगेच बंद करा.

आता वेळापत्रक. सेंतोसा, सफारी, बोटॅनिक, तिन्ही काढा. बोटॅनिक गार्डन सुरेख आहे, २०१५ पासून जागतिक वारसा यादीत आहे, पण दुखऱ्या गुडघ्याने चढउतार करायची जागा नव्हे. हे गाव विषुववृत्ताच्या अगदी जवळ. अकरानंतर उकाड्याने जीव नकोसा होतो आणि दुपारी केव्हाही धो धो कोसळतो. म्हणून सकाळी उघड्यावर, दुपारी एसीत, सूर्य कलला की परत बाहेर, असा दिवस लावा.

मेट्रोची निळी लाइन धरा, तिला डाउनटाउन लाइन म्हणतात. विमानतळावरून एकच स्टेशन एक्स्पो, तिथे बदलायचं, मग थेट चायनाटाउन. तीच गाडी पुढे बेफ्रंटला जाते, तिथे गार्डन्स बाय द बे. रात्री बेफ्रंटहून एक्स्पो, एक्स्पोहून विमानतळ. नकाशा डोक्यात ठेवायची गरजच नाही. सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट आहे. वेगळं तिकीट काढावं लागत नाही, परदेशात चालणारं व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचं बँकेचं कार्ड गेटवर टेकवलं की झालं, पण माणशी एक कार्ड लागतं. एकाच कार्डावर तिघं जात नाहीत. आणि गाडीत खाणंपिणं बंद आहे, पाण्याचा घोटसुद्धा. ह्यांना गोळी घ्यायची असेल तर गाडीत चढायच्या आधी स्टेशनबाहेरच उरकून घ्या.

चायनाटाउनात साउथ ब्रिज रोड नावाचा रस्ता आहे. त्यावर श्री मारिअम्मन मंदिर, १८२७ चं, सिंगापुरातलं सगळ्यात जुनं हिंदू देऊळ. शेजारी जामे मशीद, आणि थोडं पुढे बुद्धाच्या दंतधातूचं (दाताच्या अवशेषाचं) मोठं लाल मंदिर. सगळं एका सरळ रेषेत, सपाट. मारिअम्मन दुपारी बंद असतं, त्यामुळे सकाळीच जा.

---

दांडियाबाजारकर:

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. फक्त लिटल इंडिया का गाळताय? टेक्का मार्केटचे फुलांचे गजरे, सेरंगून रोडवरचं वीरमाकालीअम्मन मंदिर, केळीच्या पानावरचं जेवण. पहिल्यांदा परदेशात जाणाऱ्या माणसाला दुपारी ओळखीची चव मिळाली की जीव भांड्यात पडतो. आमच्या आईला तिथे सांबाराचा वास आला आणि ती पहिल्यांदा हसली.

---

कोपी_ओ:

ते खरं आहे, पण सांबारात कांदा असतो ना! जाऊबाई काय खाणार? उलट चिनी बौद्धांचं शाकाहारी जेवण बघा. ते कांदा, लसूण दोन्ही वर्ज्य मानतात, अगदी आपल्या चातुर्मासासारखं. दंतधातू मंदिराच्या तळघरात शाकाहारी भोजनगृह आहे, तिथे भात, भाज्या, टोफू मिळतं. एक सूचना आधीच देऊन ठेवतो. ताटात बदकाच्या मांसासारखा दिसणारा तपकिरी तुकडा आला तर दचकू नका. तो सोयाबीनचा असतो, वरची सालसुद्धा हुबेहूब केलेली. जाऊबाईंना आधी सांगा, नाहीतर ताट तसंच राहील. बाहेर कुठे खाल्लंत तर अंड्याचंही विचारा, इथे बरेच जण ते शाकाहारात धरतात.

मधुमेहासाठी: इथला साधा चहा म्हणजे ‘तेह’, त्यात कंडेन्स्ड मिल्क ओततात. साहेबांना ‘कोपी ओ कोसोंग’ मागायला सांगा, बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी मिळेल. घड्याळ अडीच तास पुढे आहे, सकाळी साडेसात म्हणजे घरचे पहाटेचे पाच. गोळ्यांचं गणित डॉक्टरांकडून आधीच लिहून आणा.

---

विश्वामित्रीकाठ:

नेताजींबद्दल मी सांगतो. पडांग नावाचं मैदान आहे, १९४३ च्या जुलैत नेताजींनी तिथे आझाद हिंद सेनेची मानवंदना घेतली. त्याच्या समोरच एस्प्लनेड पार्क. सेनेच्या अज्ञात सैनिकासाठी नेताजींनी ८ जुलै १९४५ ला तिथे स्मारकाची कोनशिला बसवली होती. इंग्रज परतल्यावर त्यांनी ते सुरुंग लावून पाडलं. त्याच जागी १९९५ मध्ये सिंगापूर सरकारने स्मृतिफलक उभा केला. मूळ स्मारकावर ‘इत्तफाक, एतमाद, कुर्बानी’ असं कोरलेलं होतं. आझाद हिंदच्या हंगामी सरकारची घोषणा २१ ऑक्टोबर १९४३ ची, तीही याच शहरात, कॅथे इमारतीत. झाशीची राणी पलटणही इथलीच. फलक छोटा आहे, भव्य काही बघायला मिळणार नाही. पण ह्यांच्यासारख्या माणसाला समोरच्या मैदानाकडे बघत दहा मिनिटं उभं राहायला ते पुरेसं आहे.

चायनाटाउनहून टॅक्सीने जा, अंतर किरकोळ आहे. तिथूनच टॅक्सीने गार्डन्सला. भर दुपारी मेट्रोचा हट्ट धरू नका.

---

मांजलपूरची:

सगळ्यांचे मनापासून आभार. लिटल इंडिया रद्द. दांडियाबाजारकर, राग मानू नका, डोसा अलकापुरीत रोज मिळतो. दंतधातू, पडांग, गार्डन्स, एवढंच पक्कं केलं. आता उरलेल्या शंका. गार्डन्समध्ये किती चालावं लागतं? आणि लेकीसाठी डिंकाचे लाडू, भाकरवडी, लीलो चेवडो आणि ह्यांच्या मित्राच्या मुलाने मागवलेला तंबाखूचा मावा घेतलाय. हातातल्या पिशवीत ठेवला तर चालेल का?

---

कोपी_ओ:

मावा अजिबात नको!! चघळायचा तंबाखू सिंगापुरात आणायलाच बंदी आहे. गुटखा, मावा, सगळं त्यातच. मित्राच्या मुलाला सांगा, जमणार नाही. च्युइंगगमही घरीच ठेवा.

आणि ताई, लाडवात खसखस आहे का? भाकरवडीच्या सारणात? अमली पदार्थांच्या कायद्यामुळे खसखससुद्धा इथे बंदी असलेल्या मालात मोडते. लाडू बिनखसखशीचे करा किंवा डिंक-खारीक मेलबर्नला घेऊन तिथेच वळा. ऑस्ट्रेलियात खाण्याचा प्रत्येक पदार्थ उतरताना फॉर्मवर जाहीर करावा लागतो. जाहीर केलेलं फार तर काढून घेतात. लपवलेलं सापडलं की दंड.

गार्डन्समध्ये क्लाउड फॉरेस्ट तेवढं तिकीट काढून बघा. काचेखाली थंडगार जंगल आणि आत पस्तीस मीटरचा धबधबा. लिफ्टने वर जायचं आणि उताराच्या वाटेने हळूहळू खाली यायचं, गुडघ्याला सोपं. दुपारचे दोन-तीन तास तिथेच काढा, बाहेर पाऊस पडला तरी बिघडत नाही. बेफ्रंटच्या बाजूने आत जायला शटल गाडी आहे, थोडे पैसे लागतात, जाऊबाईंसाठी घ्याच. संध्याकाळी पावणेआठला सुपरट्रीजचा (झाडांसारखे उंच मनोरे) दिव्यांचा कार्यक्रम असतो, फुकट. जमिनीवर आडवं पडून बघतात लोक. दुसरा पावणेनऊला, त्याच्या भानगडीत पडू नका. पहिला संपला की थेट स्टेशन.

---

दांडियाबाजारकर:

राग कसला! फक्त एक लक्षात ठेवा, विमानतळावरच्या ज्युएल मॉलमधला चाळीस मीटरचा घरातला धबधबा इमिग्रेशनच्या बाहेरच्या बाजूला आहे. परतताना आत शिरायच्या आधी बघून घ्या, टर्मिनल दोन आणि तीनहून पुलाने चालत जाता येतं. मोठ्या बॅगा अहमदाबादला थेट मेलबर्नपर्यंत टाका, हातातल्या पिशव्या टर्मिनलवर पैसे देऊन ठेवता येतात. आणि जाऊबाईंसाठी व्हीलचेअर आजच एअरलाइनला फोन करून नोंदवा, दोन्ही विमानांसाठी वेगळी. अहमदाबादला सांगितलं की पुढे आपोआप होतं असं एजंट सांगेल, ऐकू नका.

---

मांजलपूरची:

नोंदवली. दोन्हींसाठी. फोनवर बाईंनी विचारलं, प्रवाशाला जिना चढता येतो का? जाऊबाई मागून ओरडल्या, चढता येतो, उतरता येत नाही. तसंच लिहून घेतलं त्यांनी.