मदत हवी आहे : १९८६ सालची बेती-पणजी फेरीबोट कुणाला आठवते?

नमस्कार मंडळी. मी म्हापशाला राहते. कादंबरीचा तिसरा खर्डा चालू आहे आणि एका प्रकरणावर तीन आठवडे अडले आहे.

५ जुलै १९८६ ला मांडवीचा पूल कोसळला, तिथून हे प्रकरण सुरू होतं. माझी नायिका पर्वरीची, नोकरी पणजीत. दुसऱ्या खर्ड्यात मी तिला सरळ फेरीबोटीत बसवून पलीकडे उतरवलं होतं. परवा रात्री ते पान मोठ्याने वाचलं आणि लक्षात आलं, यात पाऊस नाही, गर्दी नाही, ओल्या छत्रीचं पाणी शेजारच्या बाईच्या साडीवर गळत नाही. अख्खं पान खोडलं.

सेंट्रल लायब्ररीत जुनी वर्तमानपत्रं चाळली. बातमी मिळते, पण माणसं धक्क्यावर उभी कशी राहायची ते त्यात नसतं. म्हणून विचारते: त्या पावसाळ्यात रोज ये-जा करणारं तुमच्या घरी कुणी आहे का? रांग कुठवर जायची? स्कूटरवाले आधी चढायचे की पायी माणसं? शेवटची बोट चुकली तर काय करायचे? आई-वडिलांना, काका-मावशींना जरूर विचारा. अगदी बारीकसारीक आठवणही चालेल, मला तीच हवी आहे.

आणखी एक. बोटीतलं बोलणं कोंकणीत ठेवून निवेदन मराठीत ठेवलंय. घाटावरच्या वाचकांना ते अडेल का? तळटीपा द्यायला माझं मन घेत नाही.