मोठी क्लाउनफिश छोट्याला चावते: भांडण की जोडी जमतेय?

खारंपाणी_मानेवाडा
टँक ३ × १.५ × १.५ फूट, लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले समुद्री दगड), सॅलिनिटी (पाण्याचा खारटपणा, घनतेवरून मोजलेला) १.०२५, तापमान २७. जुना ऑसेलॅरिस (क्लाउनफिशची एक जात) साधारण ७ सेंमी, काल सोडलेला ४ सेंमी. मोठा त्याला कोपऱ्यात रेटतो, शेपटी कुरतडतो. मग छोटा आडवा होऊन नखशिखांत थरथरतो, फिट आल्यासारखा. आजार आहे का? वेगळा काढू? आणि अंड्यांसाठी कुंडी आत्ताच ठेवू का?

रीफ_धरमपेठ
आजार नाही भाऊ, शरणागती आहे ती. ऑसेलॅरिसमध्ये आधी सगळे नर. जोडीत जो दांडगा तो मादी होतो आणि मादी झालेला परत नर होत नाही. तुमची ७ सेंमीवाली बहुतेक मादीच. ती दमदाटी करते, छोटा थरथरून ‘तूच मालकीण’ म्हणतो. तो थरथरतोय तोवर हात घालू नका.

खरी परीक्षा जेवणाच्या वेळी. छोटा मध्ये येऊन खातो, पंख उघडे आहेत, तर शेपटीची फाटकी कड भरून येईल. पृष्ठभागापाशी कोपरा धरून बसला, खाणं सोडलं, कल्ले भराभर हलतायत, तर वेगळं करा. पण बाजूला काढायचं ते मोठीला! भोकांचा डबा त्याच टँकमध्ये टांगा, ३-४ दिवस तिला त्यात ठेवा, तेवढ्यात दगडांची जागा बदला. छोट्याला डब्यात टाकलं तर तो सुटल्यावर तिचा इलाका तसाच असतो आणि मार पहिल्यापासून सुरू.

महालचा_मासेवाला
वरच्यात एक भर. थरथर दिसत नाही आणि दोघं तोंडात तोंड अडकवून गरगर फिरतायत, तर दोन्ही माद्या समजा. तिथे वाट बघणं म्हणजे एक मासा घालवणं. त्याच दिवशी एक परत करा. एकाच मापाचे दोन मोठे घेतले की हेच होतं. मरून क्लाउनला (क्लाउनफिशचीच दुसरी जात) तर यातलं काहीच लावू नका, त्यांची मादी फार डेंजर.

रीफ_धरमपेठ
कुंडी राहिली. ठेवा, मातीची, ती दोघं झोपतात तिथेच आडवी. पण ४ सेंमीचा नर तयार व्हायला काही महिने जातील. दोघं मिळून तोंडाने कुंडी घासायला लागली की अंडी जवळ आली. ती नारिंगी असतात, पुढे काळपट होतात, शेवटी डोळे चंदेरी चमकतात. २७ अंशांना साधारण आठवडाभर, फुटतात अंधार झाल्यावर. तेवढे दिवस मादी तुमच्या हातालाही चावेल.

महालचा_मासेवाला
आणि मे महिना विसरू नका. पाणी ३० च्या वर गेलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो, मार खाणारा मासा आधी दमतो. आपल्या नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात पाण्यावर पंखा सोडला तरी २-३ अंश उतरतात. खोली ४० ला पोचत असेल तर मात्र चिलरच (पाणी गार करणारं यंत्र). पावसाळ्यात दमट हवेत पंख्याचा उपयोग जवळपास शून्य. पंख्याने पाणी वाफ होऊन उडतं, मीठ आत राहतं, सॅलिनिटी चढते. म्हणून काचेवर खूण करून रोज सकाळी तिथपर्यंत साधं आरओचं पाणी भरा, मिठाचं नाही. सम्प (टँकखालची फिल्टरची टाकी) असेल तर खूण सम्पवर, टँकची पातळी हलत नाही.